कॅमेरा कंपनीचं पुढे काय होणार, ही धास्ती वाटते? लेन्स विकायला काढण्याआधी या क्रमाने जा

'अमुक कंपनीने कॅमेरा विभाग विकला', 'तमुक माउंटवर आता नवी बॉडी येणार नाही' अशी बातमी आली की बरेच जण त्याच रात्री लेन्सचे फोटो काढतात आणि ओएलएक्सवर टाकतात. हे काम खरं तर सगळ्यात शेवटी करायचं. उलटा क्रम लावल्यामुळे चांगल्या लेन्स अर्ध्या किमतीत जातात, आणि वर्षभराने त्याच माउंटवर नवा कॅमेरा आला की हळहळ उरते. (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते ते कडं.)

कंपनीचं नाव पुसलं गेलं म्हणून तुमच्या हातातला कॅमेरा बंद पडत नाही. तो बंद पडतो एखाद्या ठरावीक गोष्टीमुळे: शटर गेलं आणि पार्ट मिळाला नाही, बॅटरी मिळेनाशी झाली, लेन्सची आतली पट्टी तुटली. त्यामुळे काळजी करायची ती या साखळीची. खालचे टप्पे त्याच साखळीतून जातात. एकही गाळू नका आणि पुढचा आधी करू नका.

## तयारी: सगळं सामान एकदा टेबलावर काढा

वहीत किंवा फोनवर तक्ता करा. वस्तू, सिरियल नंबर, घेतल्याचं वर्ष, बिल आहे की नाही, भारतीय वॉरंटीचा माल की ग्रे (अधिकृत आयातदाराशिवाय आलेला), आणि गेल्या वर्षभरात किती वापरली. शेवटचा रकाना अंदाजाने भरू नका. लाइटरूम किंवा डिजिकॅमसारख्या फोटो सॉफ्टवेअरमध्ये लेन्सनुसार फोटो गाळून पाहा. 'माझ्याकडे सात लेन्स अडकल्यात' असं म्हणणाऱ्याचे बहुतेक फोटो दोन लेन्समधून निघालेले असतात. म्हणजे खरी जोखीम त्या दोन लेन्सची आणि एका बॉडीची. बाकीच्यांची चिंता नंतर.

माल भारतीय की ग्रे हे खोक्यावरून कळतं. अधिकृतपणे आलेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयातीचा महिना-वर्ष आणि एमआरपी असलेलं स्टिकर असतं. ते नसेल तर तिसऱ्या टप्प्यात तुमचं उत्तर वेगळं येईल, आत्ताच तशी नोंद करा.

मग प्रत्येक लेन्सची दोन्ही झाकणं काढा, अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कंपनी बंद पडून वाया गेलेल्या लेन्सपेक्षा कपाटात बुरशी लागून वाया गेलेल्या लेन्स कितीतरी जास्त आहेत. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. ते परवडत नसेल तर रबरी कडा असलेला घट्ट डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. कापडी बॅगेत महिनोन्‌महिने ठेवू नका.

तपासा: तक्ता पूर्ण झाला? बुरशी लागलेली लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवली? मगच पुढे.

## टप्पा १: बातमी नेमकी कसली आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'बंद' या एका शब्दाखाली पाच वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

१. एक मॉडेल बंद. ही बातमीच नव्हे. प्रत्येक मॉडेल कधीतरी बंद होतं.

२. एका प्रकारच्या कॅमेऱ्यांवरचं काम थांबलं, कंपनी चालू. जुलै २०२२ मध्ये निकॉन डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचं) काम थांबवणार अशी बातमी जपानी वर्तमानपत्रात आली. निकॉनने तो तर्क असल्याचं सांगितलं. पण २०२० च्या डी६ नंतर निकॉनची नवी डीएसएलआर आलेली नाही, आणि त्यांचा मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्यांचा झेड माउंट जोरात चालू आहे. एफ माउंटवाल्यांना, म्हणजे निकॉनच्या डीएसएलआरवाल्यांना, अडॅप्टरचा (लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणाऱ्या कड्याचा) रस्ता आहे. ही बातमी गंभीर, पण घाई करण्यासारखी नाही.

३. एखाद्या देशातून माघार. सॅमसंगच्या एनएक्स कॅमेऱ्यांचं असंच सुरू झालं. २०१४ मध्ये एनएक्स-१ सारखा दमदार कॅमेरा आला आणि २०१५ च्या अखेरीस युरोपातल्या बाजारांतून विक्री थांबायला लागली. नंतर ती सगळी प्रणालीच संपली. त्याच काळात नवी बॉडी किंवा लेन्सही जाहीर होत नसेल, तर या प्रकाराला मी सगळ्यात धोक्याचा मानतो.

४. विभाग दुसऱ्याला विकला. ऑलिंपसने २४ जून २०२० रोजी कॅमेरा विभाग जपान इंडस्ट्रियल पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीकडे देण्याचं जाहीर केलं. प्रत्यक्ष हस्तांतर १ जानेवारी २०२१ ला झालं. मधल्या ऑगस्टमध्येही ई-एम१० मार्क ४ बाजारात आला होता. २०२२ मध्ये नव्या कंपनीने ओएम-१ काढला, तोही त्याच माउंटवर. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदा सोडला तेव्हा सोनीने तोच ए माउंट पुढे नेला. पेंटॅक्स आधी होयाकडे आणि २०११ मध्ये रिकोकडे गेला, के माउंट आजही आहे.

५. माउंटच बंद. निकॉन १ (२०११ ते २०१८) आणि कॅननचा ईएफ-एम ही याची उदाहरणं. कंपन्या धडधाकट, पण माउंट संपला. म्हणजे 'मोठ्या कंपनीचं घेतलं, आता चिंता नाही' हा हिशेबही चुकू शकतो.

तुमची बातमी यातल्या कोणत्या प्रकारात बसते ते तक्त्याच्या वर लिहा. त्यासाठी कंपनीचं स्वतःचं निवेदन वाचा. यूट्यूबवरच्या व्हिडिओचं शीर्षक हा पुरावा धरू नका.

सावधान: बातमीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काहीही विकू नका आणि काहीही घेऊ नका. या काळात घाबरून विकणाऱ्यांची गर्दी असते आणि सेकंड हँडचा भाव पडलेला असतो.

## टप्पा २: कंपनी विसरा, माउंट बघा

तीन प्रश्न, याच क्रमाने.

पहिला: या माउंटची बॉडी दुसरं कोणी बनवतं का? मायक्रो फोर थर्ड्स हा २००८ मध्ये ऑलिंपस आणि पॅनासोनिकने मिळून आणलेला माउंट. ऑलिंपसवाल्याची लेन्स पॅनासोनिकच्या जी९ मार्क २ (२०२३) किंवा जीएच७ (२०२४) वर तशीच बसते, ऑटोफोकससह. एल माउंटमागे लायका, पॅनासोनिक आणि सिग्मा आहेत. असे माउंट एका कंपनीच्या नशिबाला बांधलेले नसतात. पण 'बसते' म्हणजे 'सगळं चालतं' असं नाही. ऑलिंपस लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) ऑलिंपस बॉडीबरोबर जोडीने जसं काम करतं तसं पॅनासोनिकवर करत नाही. जी९ मार्क २ च्या आधीच्या पॅनासोनिक मायक्रो फोर थर्ड्स बॉडींमध्ये फेज डिटेक्ट ऑटोफोकस (हलत्या गोष्टीवर पटकन फोकस धरणारा प्रकार) नव्हता, आणि त्यांची फोकस पद्धत स्वतःच्या लेन्सबरोबर जास्त चांगली चालायची. उडते पक्षी टिपणाऱ्याने आधी दुकानात जाऊन स्वतःची लेन्स लावून बघावी.

दुसरा: लेन्स दुसऱ्या माउंटवर नेता येते का? माउंटच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर बघा. निकॉन एफचं ४६.५ मिमी, कॅनन ईएफचं ४४, पेंटॅक्स केचं ४५.४६. हे सगळे डीएसएलआर माउंट. मिररलेसमध्ये सोनी ई १८, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, फुजी एक्स १७.७, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५. मोठ्या अंतराची लेन्स लहान अंतराच्या बॉडीवर जाते, कारण मधली जागा अडॅप्टर भरून काढतं. उलट जात नाही. म्हणूनच कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर सुखाने चालतात. पण ईएफ-एमचं अंतर १८ मिमी आणि आरएफचं २०, त्यामुळे त्याच कंपनीची ईएफ-एम लेन्स आरएफ बॉडीवर अडते.

तिसरा: लेन्सला बॉडीकडून वीज लागते का? हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही. जुन्या मॅन्युअल लेन्सवर फोकस आणि ॲपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) दोन्ही रिंगने हलतात. ती लेन्स कुठेही जगते. मिररलेसच्या बहुतेक लेन्समध्ये फोकस रिंग फिरवली तरी आतली काच मोटर हलवते, आणि मोटरला बॉडीकडून वीज आणि हुकूम लागतात. अशी लेन्स साध्या अडॅप्टरवर लावली तर रिंग फिरते, फोकस हलत नाही. सॅमसंग एनएक्सचं अंतर २५.५ मिमी, म्हणजे मापाने ती सोनीवर बसायला हरकत नाही. पण साध्या अडॅप्टरने तिचं ॲपर्चरही बदलत नाही.

घरच्या घरी तपासा: लेन्स बॉडीवरून काढून फोकस रिंग पूर्ण फिरवा आणि पुढची-मागची काच बघा. काहीच हलत नसेल तर ती बहुधा विजेवरची. खात्री मॅन्युअलमध्ये करा, कारण काही लेन्समध्ये मधलीच काच हलते.

सावधान: एकाच घरातल्या अडॅप्टरलाही मर्यादा असतात. निकॉनच्या एफटीझेडवर (एफ लेन्स झेड बॉडीला जोडणारं अडॅप्टर) एएफ-डी प्रकारच्या, म्हणजे बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. 'अडॅप्टर मिळतं' एवढ्यावर बॉडी विकू नका, तुमच्या लेन्सचं नाव अडॅप्टरच्या यादीत शोधा.

## टप्पा ३: दुरुस्ती कोण करतं ते लेखी घ्या

निर्मिती थांबल्यावरही कंपन्या साधारण काही वर्षं पार्ट ठेवतात. किती वर्षं, हे कंपनी आणि मॉडेलवर ठरतं. म्हणून फोनवर विचारून समाधान मानू नका, सर्व्हिस सेंटरला ईमेल करा. विचारायचं ते असं:

- माझ्या मॉडेलची दुरुस्ती अजून स्वीकारता का?
- दुरुस्ती भारतात होते की माल बाहेर पाठवता? किती दिवस लागतात?
- शटर बदलायचा अंदाजे खर्च किती?
- ग्रे माल पैसे घेऊन दुरुस्त करता की परत पाठवता?

विभाग विकला गेला असेल तर आणखी एक: भारतातली सर्व्हिस आता कोणाकडे? जुना वितरक आणि नवा वितरक एकमेकांकडे बोट दाखवतात तो काळ ग्राहकाला फार त्रासाचा असतो. वॉरंटी चालू असेल आणि बॉडीत छोटी कुरकुर असेल, डायल अडखळत असेल किंवा पकडीचं रबर सुटत असेल, तर हस्तांतर व्हायच्या आत देऊन टाका.

अधिकृत दार बंद असेल तर स्वतंत्र कारागीर शोधा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजार भागात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे दुरुस्ती करणारेही मिळतात. जाताना 'दुरुस्त करता का?' एवढंच विचारू नका. 'या मॉडेलची मेलेली बॉडी तुमच्याकडे पडलेली आहे का?' हेही विचारा. पार्ट बनायचे थांबले की पार्ट तिथूनच येतात. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट झूम लेन्समध्ये बहुतेक वेळा आतली फ्लेक्स पट्टी (वाकणारी विजेची पट्टी) तुटते. ती बदलणारा माणूस आहे का, एवढं कळलं तरी अर्धी काळजी मिटते.

## टप्पा ४: आज मिळतंय ते आज उतरवून ठेवा

फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर. बॉडी आणि लेन्स, दोघांचं शेवटचं फर्मवेअर चढवा. निकॉन, कॅननसारख्या कंपन्यांच्या साइटवरून फाइल मिळते. ती चढवून झाली तरी मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवा. ऑलिंपसच्या जुन्या बॉडींचं फर्मवेअर संगणकावरच्या वर्कस्पेस सॉफ्टवेअरमधून, इंटरनेट जोडून थेट चढतं. म्हणजे तिकडचा सर्व्हर बंद झाला तर रस्ता बंद. अशांनी हे काम आजच करावं. अपडेट करताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी, आणि मधेच कॅमेरा बंद करायचा नाही.

बॅटरी. इथे लोक दोन टोकं गाठतात. एक तर एकही जादा घेत नाहीत, नाहीतर आठ-दहा घेऊन ठेवतात. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही म्हातारी होते, त्यामुळे साठा करून उपयोग नाही. दोन नव्या, कंपनीच्या, पक्क्या बिलाच्या घ्या. अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवून थंड जागी ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी आलटून पालटून वापरा. आधी एकच बॅटरी किती बॉडींत चालते ते पाहा. ऑलिंपसची बीएलएच-१ ही ई-एम१ मार्क २, मार्क ३ आणि एक्स या तिन्हींत चालते, म्हणून तिची काळजी कमी. सोबत चार्जरही एक जादा घ्या. बॅटरी मिळते आणि चार्जर मिळत नाही, असंही होतं.

फोनचं ॲप. फोटो फोनवर नेणारं ॲप सगळ्यात आधी मरतं. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की ते चालेनासं होतं. साधा कार्ड रीडर घेऊन ठेवा, ॲपवर अवलंबून राहू नका.

रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची जशीच्या तशी साठवलेली माहिती. याची लोकांना फार भीती असते, ती अनाठायी आहे. ज्या मॉडेलची रॉ फाइल आज लाइटरूम किंवा डार्कटेबल उघडतं, ती कंपनी गेली म्हणून उद्या उघडणार नाही असं होत नाही. मनाची शांती हवी असेल तर अडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरने डीएनजी (रॉ फाइलचा खुला प्रकार) प्रती करा, पण मूळ फाइल पुसू नका.

## टप्पा ५: बदलण्याचा खरा हिशेब मांडा

आता पैशांकडे. विक्रीची किंमत धरताना ओएलएक्सवर लोक मागतात ती धरू नका. दुकानदार रोख देईल ती धरा. दोन दुकानांत सामान दाखवून आकडा विचारा, द्यायची गरज नाही.

समजा तुमच्या बॉडीचे ३५,००० आणि दोन लेन्सचे मिळून ६५,००० येतायत. एकूण एक लाख. दुसऱ्या कंपनीत तेच काम करणारी बॉडी आणि दोन लेन्स २,६०,००० ला पडतात. मधली दरी १,६०,०००. बॅटरी, कार्ड, फिल्टर, फ्लॅश ट्रिगर धरले की ती आणखी वाढते. आता विचारा: याच पैशांत त्याच माउंटची एक सेकंड हँड जादा बॉडी घेतली तर आणखी किती वर्षं निघतील? बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं.

हिशेबात वजनही धरा. मायक्रो फोर थर्ड्सची ३०० मिमी एफ/४ लेन्स ट्रायपॉडच्या पायासकट दीड किलोच्या आत बसते आणि फुल फ्रेमवरच्या (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) ६०० मिमीएवढा आवाका देते. सोनीची ६०० मिमी एफ/४ तीन किलोची आहे. कमी उजेडात ती उजवी आहे, यात वाद नाही. पण भिगवणला पक्ष्यांसाठी होडीत बसून दिवसभर हातात धरून फोटो काढणाऱ्याने हा फरक पैशात मांडायलाच हवा.

सावधान: 'क्लिअरन्समध्ये स्वस्त मिळतंय' म्हणून संपत चाललेल्या माउंटची तिसरी-चौथी लेन्स घेऊ नका. आधी जादा बॉडी. बॉडी गेली की सगळ्या लेन्स एकदम निकामी होतात, लेन्स गेली तर एकच जाते.

## टप्पा ६: थांबायचं की निघायचं

छंद म्हणून फोटो काढत असाल, माउंटची बॉडी दुसरीकडे मिळत असेल किंवा चालेल असं अडॅप्टर असेल, तर थांबा. मी तरी हाच सल्ला देईन, आणि नि:शंकपणे देईन.

लग्नाची, प्रॉडक्टची कामं घेत असाल तर कसोटी वेगळी. सुपारी घेतलेल्या दिवशी बॉडी पडली तर दोन दिवसांत तशीच दुसरी हातात येईल का? भाड्याने मिळते का? तुमच्या शहरात त्या माउंटची बॉडी-लेन्स भाड्याने देणारं कोणीच नसेल, तर कंपनी कितीही चांगली चालू असो, तुम्ही निघण्याची तयारी सुरू केलेली बरी.

थांबायचं ठरलं तरी निघण्याची खूण आत्ताच लिहून ठेवा. उदाहरणार्थ: 'सर्व्हिस सेंटरने माझं मॉडेल घेणं थांबवलं', 'मूळ बॅटरी मिळेनाशी झाली', 'शटर गेलं'. यातलं काही घडलं की निर्णय घ्यायचा, तोवर अफवा वाचत बसायचं नाही.

## टप्पा ७: निघायचं ठरलं तर या क्रमाने

१. नवी बॉडी आणि तुमच्या तक्त्यातल्या सर्वाधिक वापराच्या लेन्सचा पर्याय, एवढंच आधी घ्या. जमलं तर पहिल्यांदा भाड्याने.

२. एखाद-दोन कामं दोन्ही कॅमेरे सोबत नेऊन करा. मेनू, बटणं, रंग हातात बसायला वेळ लागतो. लग्नाच्या मांडवात हे शिकू नका.

३. मग जुन्यातल्या सर्वात कमी वापराच्या लेन्स विका. बॉडी शेवटपर्यंत ठेवा, कारण गिऱ्हाईक लेन्स लावून बघितल्याशिवाय घेत नाही.

४. शेवटची लेन्स आणि बॉडी जोडीने विका. एकट्या जुन्या बॉडीला भाव नसतो, जोडीला असतो.

५. देण्याआधी कॅमेरा फॅक्टरी रीसेट करा. वायफाय आणि फोनची जोडणी, कॉपीराइटमध्ये भरलेलं तुमचं नाव, सेव्ह केलेली सेटिंग्ज, सगळं जायला हवं. कार्ड स्वतःकडे ठेवा.

६. बुरशी, ओरखडे, दुरुस्ती झाली असेल तर ती, स्पष्ट सांगा आणि फोटोत दाखवा. मूळ बिल, खोकं, वॉरंटी कार्ड सोबत द्या, आणि सिरियल नंबर लिहिलेल्या साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या.

७. व्यवहार दुकानात किंवा गर्दीच्या ठिकाणी करा. 'हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील' असं कोणी म्हणालं तर तिथेच उठा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसल्यावरच बॅग हातात द्या, समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर नाही.